कायदा, न्याय आणि वारली माणूस : ‘जेव्हा माणूस जागा होतो’चे पुनर्वाचन

प्रस्तावना

ब्रिटिश राजवटीत ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील डहाणू-उंबरगाव भागातील वारल्यांच्या बाबतीत कायद्यांची उणीव कधीच नव्हती. १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामगिरीला न्यायालयीन मान्यता देणे बंद केले होते. १८६० च्या भारतीय दंडविधानातील ३७४ व्या कलमाने कोणाकडून त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदेशीरपणे काम करवून घेणे हा एक वर्षापर्यंत कैदेस पात्र असा गुन्हा ठरविला होता. असे असूनही १९४५ साली, म्हणजे पहिल्या कायद्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी, याच भागात लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी जन्मभर सावकाराच्या घरी राबणारे ‘लग्नगडी’ होते आणि जमीनदाराच्या शेतावर, घरी व बागेत वेठ करणे ही कुळाची ठरलेली रीत होती. कायदा आणि न्याय यांच्यातील हे अंतर हाच गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथाचा खरा विषय होय. मराठी समीक्षेने या ग्रंथाची दखल प्रामुख्याने चळवळीची आत्मकथनात्मक हकीकत म्हणून घेतली. १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांतही तो अधूनमधून येत राहिला. परंतु वसाहतकालीन शासनाने आदिवासींविषयी जे दप्तर तयार केले, त्या दप्तराला दिलेले उत्तर म्हणून त्याचे वाचन फारसे झाले नाही. प्रस्तुत लेखात त्या दिशेने काही मांडणी केली आहे.

‘आदिम’, ‘मागास’, ‘वगळलेले’ : नावांचा प्रश्न

वारल्यांना कोण म्हणावे, याविषयी शासनाचे एकमत कधी झाले नाही. मुंबई इलाख्यात स्टार्ट समितीने १९३० साली दिलेल्या अहवालात मागासवर्गीयांची विभागणी करताना ‘आदिम व डोंगरी जमाती’ असा स्वतंत्र वर्ग केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा या समितीचे सदस्य होते. पुढे १९३५ च्या भारत सरकार कायद्यान्वये काही प्रदेश ‘वगळलेले’ व ‘अंशतः वगळलेले’ म्हणून घोषित झाले. ठाणे जिल्ह्यातील डहाणू व शहापूर तालुके आणि मोखाडा व उंबरगाव पेटे दुसऱ्या प्रकारात आले. या प्रदेशांत प्रांतिक कायदेमंडळाचे कायदे लागू करावयाचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार गव्हर्नरकडे राहिला. संरक्षणाच्या नावाखाली केलेली ही व्यवस्था होती. मात्र संरक्षण कोणापासून, हा प्रश्न तिने विचारला नाही. जमीनदार, सावकार आणि जंगलखाते हे तिघेही त्या कुंपणाच्या आतच होते.

विद्वानांच्या जगातही याच सुमारास वाद पेटला होता. १९४३ साली व्हेरिअर एल्विन यांची ‘द अ‍ॅबोरिजिनल्स’ ही पुस्तिका आणि डॉ. गो. स. घुर्ये यांचा आदिवासींच्या भवितव्याविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. आदिवासींना बाहेरच्यांपासून दूर राखावे असा एल्विन यांचा त्या काळातील कल होता, तर हे लोक म्हणजे ‘मागासलेले हिंदू’ होत आणि त्यांचे उर्वरित समाजाशी सामिलीकरण व्हावे, असे घुर्ये यांचे प्रतिपादन होते. के. जे. सावे यांचा ‘द वारलीज्’ हा ग्रंथ तर १९४५ सालचाच, म्हणजे वारल्यांच्या उठावाच्याच वर्षीचा. विवाहविधी, देवदेवता, भगत, तारपा-नृत्य यांची त्यातील नोंद आजही अभ्यासकांना उपयोगी पडते. पण ज्यांच्या चालीरीतींची इतकी बारकाईने नोंद होत होती, ते लोक त्याच महिन्यांत काय मागत होते, हे कळण्यासाठी दुसऱ्याच ग्रंथाकडे वळावे लागते. (वारली म्हटले की आज सुशिक्षितांच्या डोळ्यांसमोर पांढरी चित्रे येतात, लग्नगडी येत नाही, ही विस्मृती नवी नाही एवढेच म्हणता येईल.)

या सर्व मांडणीत एक समान गृहीत आहे. वारली हा कोणीतरी ज्याच्याविषयी ठरवावयाचे आहे असा विषय आहे. तो ठरविणारा नाही. परुळेकरांच्या ग्रंथाचे महत्त्व या गृहीतापाशीच सुरू होते.

अहवाल आणि कथन

वसाहतकालीन दप्तरातील सर्वांत प्रामाणिक कागद म्हणून डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याच्या १९३८-३९ मधील अहवालाचा उल्लेख करावा लागेल. मुंबई प्रांतातील अंशतः वगळलेल्या प्रदेशांतील जमातींच्या स्थितीची पाहणी त्यांनी केली. जमीनदार कुळांकडून वेठ घेतात, नकार देणाऱ्यास मारहाण होते, कुळांच्या स्त्रियांवर जमीनदार अत्याचार करतात, हे सर्व त्यांनी स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. सरकारला माहिती नव्हती, हा बचाव या अहवालानंतर कोणालाही करता येणार नाही. त्यामुळेच ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये अत्याचारांची जी वर्णने येतात, ती भावनेच्या भरात रंगविलेली आहेत असा आक्षेप टिकत नाही. सरकारी अधिकाऱ्याची साक्ष आणि सरकारच्या विरोधकाची साक्ष येथे एकच आहे.

मग फरक कोठे आहे? तो क्रियापदांच्या कर्त्यात आहे. अहवालात वारल्यांना मारले जाते, राबविले जाते, फसविले जाते. आणि शेवटी त्यांच्यासाठी काही केले जावे अशी शिफारस येते. संपूर्ण लेखनात वारली हा कर्मपदी असतो. परुळेकरांच्या ग्रंथाच्या पूर्वभागातही काही काळ हेच घडते. छळाची प्रकरणे एकामागून एक येतात आणि वाचक सुन्न होतो. परंतु कथन पुढे सरकू लागले की वाक्यांचा कर्ता बदलतो. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळा येथे भरलेल्या किसान सभेच्या अधिवेशनाला उंबरगावकडील काही वारली जातात, परत येऊन आपल्या लोकांना सांगतात, आणि निरोप एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जातो. २३ मे १९४५ रोजी झरी येथे परिषद भरते तेव्हा सुमारे पाच हजार वारली जमलेले असतात. रोजी बारा आणे मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या खासगी शेतावर काम करावयाचे नाही, वेठ करावयाची नाही, मारहाण झाली तर एकजुटीने प्रतिकार करावयाचा, हे ठराव तेथे होतात. मागणी बारा आण्यांची आहे. तिच्यात कोणतीही भव्य घोषणा नाही. पण ज्याच्या श्रमाला किंमतच नव्हती त्याने आपल्या श्रमाची किंमत स्वतः सांगणे, ही त्या प्रदेशाच्या इतिहासातील लहान गोष्ट म्हणता येणार नाही.

अहवाल आणि कथन यांतील हा भेद केवळ शैलीचा नाही. अहवालाचा वाचक सरकार आहे; तेव्हा न्यायाची कल्पना तेथे ‘देण्याची’ राहते. येथे ती ‘घेण्याची’ होते.

लग्नगडी : कागद नसलेला करार

ग्रंथातील सर्वांत मोलाचा भाग लग्नगड्यांसंबंधीचा आहे आणि समीक्षेने त्यावर अधिक थांबावयास हवे होते. वारली तरुणाने लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे वा धान्य घ्यावे आणि त्या बदल्यात त्याच्याकडे राबावे. लग्नानंतर त्याच्या बायकोनेही तेथेच राबावे. हिशेब सावकाराकडे, व्याज त्याच्या मनात, आणि फेड कधी पूर्ण व्हावी हेही त्याच्याच हाती. कर्ज फिटत नाही आणि पुढच्या पिढीकडे जाते. पावसाळ्यात धान्य संपले की खावटी घ्यावी लागते. ती पिकावर वाढीने फेडावी लागते. खंड दिल्यावर उरलेले धान्य खावटीत जाते. मग पुन्हा खावटी. अशा रीतीने कुळ आणि गडी यांच्यामधील भिंत पातळ होत जाते.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की या व्यवस्थेतील पुष्कळसा भाग कागदावर नव्हता. १८४३ चा कायदा न्यायालयाला सांगतो की गुलामीचा हक्क मानू नका. पण लग्नगड्याचा सावकार न्यायालयात हक्क मागावयास येतच नाही. त्याला त्याची गरज नसते. त्याची सत्ता जमिनीवर, धान्याच्या कणगीवर आणि पोलीसपाटलापासून जंगलाच्या गार्डापर्यंत पसरलेल्या ओळखीवर उभी असते. गोदावरी परुळेकर स्वतः कायद्याच्या पदवीधर होत्या. महाराष्ट्रात कायद्याची पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्रियांपैकी मानल्या जातात. वडील नामांकित वकील, पुढे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे आजीव सभासदत्व, अशी त्यांची जडणघडण सनदशीर मार्गाची होती. अशा लेखिकेच्या ग्रंथात लग्नगड्यांची मुक्ती न्यायालयाच्या हुकमाने होत नाही, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. झरीच्या परिषदेनंतर वारल्यांनीच गावोगाव जाऊन लग्नगड्यांना मोकळे केले. शंभर वर्षे जे कायद्याला जमले नाही ते काही आठवड्यांत झाले.

हे कसे झाले, याचे स्पष्टीकरण ग्रंथात संघटनेच्या भाषेत येते, आणि ते बरोबरही आहे. पण त्याला आणखी एक बाजू आहे. लग्नगड्याला बांधून ठेवणारी मुख्य गोष्ट हिशेब नसून भीती होती, आणि ही भीती एकेकट्याची होती. जमीनदारासमोर वारली नेहमी एकटा उभा राही. शासनाने जमातीची गणना केली, नोंद केली, वर्ग ठरविला. परंतु न्यायाच्या दारात त्याला व्यक्ती म्हणूनच, म्हणजे निरक्षर, एकाकी आणि पुरावा नसलेली व्यक्ती म्हणूनच यावे लागे. नोंदीपुरती जमात आणि न्यायापुरती व्यक्ती, हा वसाहतकालीन शासनाचा दुटप्पीपणा ग्रंथ कोठेही सूत्ररूपाने मांडत नाही. तरी त्यातील प्रत्येक प्रसंग तो दाखवून देतो. लाल बावट्याने जे केले ते एवढेच की जमातीला न्यायाच्या दारातही जमात म्हणून उभे केले.

जमिनीचे आणि जंगलाचे काय झाले, हे येथे थोडक्यात सांगणे पुरे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रयतवारी पाहणी होऊन जमीन खरेदी-विक्रीची वस्तू झाली आणि कर्जापोटी ती बाहेरून आलेल्यांकडे गेली. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा व फांद्या जाळून राब भाजणे ही या प्रदेशातील शेतीची मूळ गरज. तीच आता परवानगीची बाब झाली. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला की सरकारला १८८५ मध्ये जंगल आयोग नेमावा लागला. आयोग नेमला गेला, अहवाल आला, गार्ड मात्र तेथेच राहिला.

तलवाडा आणि नानिवली

१९४५ च्या ऑक्टोबरात गवत-कापणीचा संप सुरू झाला. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे गवत या भागातून जाई. पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये मिळावेत अशी मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका असल्याची खोटी वार्ता पसरवून लोकांना तेथे जमविण्यात आले होते. ज्या नेत्याच्या रक्षणासाठी लोक धावले ती व्यक्ती तेथे नव्हतीच. या प्रसंगाच्या लेखनात परुळेकरांचा स्वर विलक्षण संयत आहे. शोक आवरून लिहिलेली ही पाने मराठी गद्यातील राजकीय लेखनाचा एक उत्तम नमुना ठरावीत.

तलवाड्याच्या वेळी मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ नव्हते. १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यापासून गव्हर्नरची राजवट होती. एप्रिल १९४६ मध्ये बाळासाहेब खेर पुन्हा प्रांताचे पंतप्रधान झाले आणि गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे आले. खेर हे आदिवासींविषयी आस्था असलेले नेते होते. १९४० साली ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळाची स्थापना त्यांच्याच पुढाकाराने झाली होती. त्यामुळे वाचकाच्या मनात स्वाभाविकपणे एक अपेक्षा निर्माण होते. पण त्याच वर्षी जंगलकामगारांचा संप झाला तेव्हा परुळेकर दाम्पत्याला जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले आणि जानेवारी १९४७ मध्ये नानिवली येथे पुन्हा गोळीबार झाला. दोन्ही गोळीबारांमध्ये जेमतेम पंधरा महिन्यांचे अंतर आहे. हुकूम देणारे बदलले होते, हुकमाची भाषा तीच होती. शांतता व सुव्यवस्था हे शब्द ज्या अर्थाने गव्हर्नरचे सल्लागार वापरीत, त्याच अर्थाने लोकनियुक्त मंत्रीही वापरू लागले. सेवाभाव आणि हक्क यांच्यातील फरक येथे उघडा पडतो. वारल्यांना शाळा व दवाखाना देण्यास जो तयार होता, तोच त्यांनी मजुरीचा दर ठरवावा हे मान्य करण्यास तयार नव्हता. ग्रंथाचा हा भाग वसाहतवादाच्या अभ्यासकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा असा आहे, कारण वसाहतकालीन शासनपद्धती ही केवळ परकीयांची पद्धती नव्हती, हे तो कोणत्याही सिद्धान्ताचा आधार न घेता दाखवितो.

‘जागा होतो’ या शब्दांविषयी

ग्रंथाचे हे मोठेपण मान्य करूनही काही प्रश्न उपस्थित करणे भाग आहे. पहिला प्रश्न शीर्षकाचाच आहे. माणूस जागा होतो, म्हणजे त्यापूर्वी तो निजलेला होता. वारली निजलेला होता का? शेजारच्या सह्याद्रीत महादेव कोळ्यांचे उठाव झाले होते. राघोजी भांगरे यांना १८४८ साली ठाण्याच्याच तुरुंगात फाशी देण्यात आले. गाव सोडून रातोरात निघून जाणे, काम मुद्दाम रेंगाळत करणे, गार्डाची नजर चुकवून राब भाजणे हे अशा समाजांचे नित्याचे प्रतिकार असतात. जागृतीच्या रूपकात त्यांना जागा मिळत नाही. हे रूपक लेखिकेच्या पिढीचे आहे, सुधारकांचे आणि क्रांतिकारकांचेही. त्यात जागविणाऱ्याची एक भूमिका आपोआप तयार होते. वारल्यांनी गोदावरीबाईंना ‘गोदाराणी’ म्हटले. हे प्रेमाचे नाव आहे, यात शंका नाही. जव्हारच्या मुकणे राजघराण्याच्या शेजारी राहणाऱ्या लोकांनी आपल्या माणसाला राणी म्हणावे, हेही समजण्यासारखे आहे. तरीपण समतेच्या चळवळीत हा शब्द रुजावा, यातील विसंगतीकडे ग्रंथाने अधिक कठोरपणे पाहावयास हवे होते असे वाटते.

दुसरा प्रश्न ओळखीचा. ग्रंथाचे मराठी शीर्षक ‘माणूस’ म्हणते. १९७५ मध्ये निघालेल्या इंग्रजी अनुवादाचे मुख्य शीर्षक ‘आदिवासींचा उठाव’ अशा अर्थाचे आहे, तर उपशीर्षकात वारली ‘शेतकरी’ होतात. शामराव परुळेकर यांनी १९४७ सालीच लिहिलेल्या इंग्रजी पुस्तिकेत हा उठाव ‘वारल्यांचा’ आहे. माणूस, आदिवासी, शेतकरी, वारली. ही चार नावे एकाच माणसाची आहेत; परंतु प्रत्येक नावाबरोबर न्यायाची मागणी थोडी बदलते. ‘शेतकरी’ म्हटले की प्रश्न खंडाचा आणि मजुरीचा होतो. ‘आदिवासी’ म्हटले की जमीन आणि जंगल यांच्यावरील आद्य हक्काचा होतो. ‘माणूस’ म्हटले की प्रतिष्ठेचा होतो. ग्रंथाची वैचारिक बैठक वर्गीय असल्याने तो पहिल्या आणि तिसऱ्या नावापाशी रमतो. दुसऱ्या नावापाशी फारसा थांबत नाही. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सुवासिनी, विवाह लावणारी धवलेरी, हिमाय आणि नारनदेव, भगताचा अधिकार, हे वारली जग कथनाच्या कडेला राहते आणि जेव्हा आत येते तेव्हा बहुधा अंधश्रद्धेच्या प्रकाशात येते. धवलेरीचे उदाहरण तर विचार करावयास लावणारे आहे. ज्या समाजात विवाहाचे पौरोहित्य स्त्रीकडे होते, त्याच समाजातील लग्नाने माणसाला गडी केले. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या असत्या, तर सावकारीने केवळ श्रमच नव्हे तर वारल्यांचा एक पवित्र विधीही कसा गहाण टाकला, हे अधिक स्पष्ट झाले असते. सावे यांच्या ग्रंथात धवलेरी आहे, पण लग्नगड्याचा आक्रोश नाही. परुळेकरांच्या ग्रंथात नेमके उलट आहे. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवूनच १९४५ चा वारली पुरता दिसू लागतो.

तिसरा प्रश्न आवाजाचा आहे. निवेदन प्रमाण मराठीत आणि प्रथमपुरुषी आहे. वारल्यांचे बोलणे लेखिकेच्या स्मृतीतून, घटनेनंतर दोन तपांनी येते. पुढे वाहरू सोनवणे यांनी ‘स्टेज’ या कवितेत आदिवासींच्या वतीने इतरांनीच बोलण्याच्या प्रथेवर नेमके बोट ठेवले. या कवितेच्या प्रकाशात परुळेकरांचा ग्रंथ सदोष ठरतो, असा सोपा निर्णय काही अभ्यासक देतील. तो घाईचा होईल. १९४५ च्या डहाणूत व्यासपीठावर कोण बसले, यापेक्षा व्यासपीठासमोर पाच हजार माणसे कोणाच्या परवानगीशिवाय बसली, हे अधिक महत्त्वाचे होते. मात्र मह्या धांगडा यांच्यासारख्या वारली कार्यकर्त्यांची स्वतःच्या बोलीतील कथने त्याच वेळी टिपली गेली असती, तर मराठीला दुसरा एक ग्रंथ मिळाला असता, आणि तो पहिल्याला पूरक तसाच काही ठिकाणी विरोधीही असता.

दप्तराचा प्रश्न अजून

‘अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६’ याच्या प्रस्तावनेत वसाहतकाळात व नंतरही वननिवासींच्या हक्कांची नोंद न झाल्याने त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे संसदेने मान्य केले. पण या अधिनियमाखालील दावा मांडताना वननिवासीने ताब्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि नियमांनी मान्य केलेल्या पुराव्यांत सरकारी दप्तर, जनगणना, जंगलखात्याच्या नोंदी यांचा समावेश आहे. म्हणजे ज्या दप्तराने त्याला वगळले, त्याचाच दाखला त्याच्या कामी यावयाचा आहे. त्याच नियमांनी ग्रामस्थ ज्येष्ठांचे लेखी स्वरूपात घेतलेले निवेदनही पुरावा म्हणून ग्राह्य धरले आहे. २०१४ साली ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यातील ग्रामसभांपुढे हे निवेदन करणाऱ्या वृद्धांपैकी पुष्कळांचे आईवडील झरीच्या त्या पाच हजारांच्या पिढीतले. परुळेकरांच्या ग्रंथातील वारली जे तोंडी सांगत होता आणि न्यायालयात ज्याला किंमत नव्हती, ते आता लिहून घेतले जाते आणि फायलीत लागते.